संगणकाच्या पेटीतलं नळकाम

गळका नळ बदलायला आलेले प्लंबरकाका पाना पिशवीत टाकता टाकता थबकले. माझ्या टेबलावर संगणकाचं कॅबिनेट उघडं पडलं होतं. शेजारी पारदर्शक नळ्या, काळा रेडिएटर, मुठीत मावेल एवढा पंप आणि चकाकत्या फिटिंगांचा ढीग. "कॉम्प्युटरात पाणी सोडताय?" त्यांनी विचारलं. मग एक फिटिंग उचलून अंगठ्यानं आटे चाचपले आणि म्हणाले, "पाव इंची दिसतंय. टेफलॉन कुठाय तुमचं?"

इथे टेफलॉन टेप लावत नाहीत, असं मी सांगितलं. काका काही बोलले नाहीत, पण हा माणूस आज रात्री घर ओलं करणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

त्यांचा प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तरही. ते कसं, ते पुढे येईलच. पण स्वतःच्या हातानं घडवलेल्या, पाण्यानं थंड राहणाऱ्या संगणकाकडे बघायची खरी नजर मला काकांनी दिली. काचेआडचे रंगीत दिवे आणि वळणदार नळ्या बघून हे सगळं इलेक्ट्रॉनिक्सचं काम वाटतं. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉनिक्सचे भाग तयारच मिळतात. आपल्या वाट्याला येतं ते पत्राकाम आणि नळकाम.

नखाएवढी इस्त्री

मुळात पाण्याची गरज का पडते? इंटेलचा कोअर आय9-14900के हा प्रोसेसर पूर्ण जोरात चालला की, कंपनीच्याच आकड्यांनुसार, 253 वॉटपर्यंत वीज घेतो. ही वीज अखेर सगळीच्या सगळी उष्णता होते. घरातली साधी इस्त्री 1000 वॉटची, म्हणजे याच्या चौपट. पण इस्त्रीचा तळ दोनशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास असतो आणि प्रोसेसरच्या झाकणाखालचा सिलिकॉनचा तुकडा जेमतेम अडीच चौरस सेंटिमीटरचा, अंगठ्याच्या नखाएवढा. ढोबळ हिशेबानं इस्त्रीच्या दर चौरस सेंटिमीटरमागे 5 वॉट पडतात, चिपच्या 100. शिवाय इस्त्रीनं तापावं हीच आपली अपेक्षा असते. हा प्रोसेसर मात्र 100 अंश सेल्सिअसला पोचला की जीव वाचवण्यासाठी स्वतःच वेग कमी करतो. ग्राफिक्स कार्डांची भूक आणखी मोठी आहे. एनव्हीडियाच्या आरटीएक्स 4090 ला 450 वॉट लागतात, तर आरटीएक्स 5090 ला 575.

1981 साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीतल्या प्रोसेसरवर पंखाच काय, धातूची साधी पट्टीही नव्हती. मोठ्या यंत्रांचा प्रश्न मात्र तेव्हाही होता. 1980 साली जाहीर झालेल्या आयबीएम 3081 या मेनफ्रेममध्ये चिपांची उष्णता पाण्यानं काढून नेली जाई. 1985 च्या क्रे-2 या महासंगणकाची सर्किटं तर वीज न वाहणाऱ्या एका द्रवात चक्क बुडवून ठेवलेली असत. घरगुती टेबलावर हे तंत्र कंपनीकडूनच आलं त्याचं एक ठळक उदाहरण म्हणजे 2004 चा ॲपलचा पॉवर मॅक जी5. आणि आपल्या दाराशी म्हणाल, तर पुण्याच्या आयसर संस्थेत 2019 साली बसवलेला 'परम ब्रह्म' हा महासंगणकही पाणी थेट चिपांच्या डोक्यापर्यंत नेऊनच थंड ठेवला जातो.

हौशी मंडळी या वाटेला लागली ती 1990 च्या दशकाच्या शेवटी. 1998 मध्ये इंटेलचा सेलेरॉन 300ए हा स्वस्त प्रोसेसर आला. 300 मेगाहर्ट्झचा हा गडी 450 वर बिनबोभाट पळतो, हे लोकांच्या लक्षात आलं आणि वेग वाढवण्याचं वेडच लागलं. वेग वाढला की उष्णता वाढते. तेव्हा वॉटर कूलिंगचं तयार सामान मिळत नव्हतं. मग मासे पाळायच्या टाकीतला पंप, भंगारातल्या मोटारीच्या हीटरची जाळी आणि तांब्याच्या ठोकळ्याला घरी पाडलेली भोकं, असा संसार जमवला गेला. आज यातली प्रत्येक वस्तू खोक्यात बंद होऊन मिळते, पण रचना अजून तीच आहे.

माठ आणि पाट

'पाण्यानं थंड' म्हटलं की आपल्याला माठ आठवतो, आणि गैरसमज तिथेच सुरू होतो. माठातलं पाणी झिरपतं, वाऱ्यावर उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. म्हणून ते भोवतालच्या हवेपेक्षा गार होतं. विदर्भातला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर याच तत्त्वावर चालतो. संगणकातली नळ्यांची साखळी मात्र बंद असते. तिथे काही झिरपत नाही की उडत नाही. त्यामुळे त्यातलं पाणी खोलीच्या हवेपेक्षा गार कधीच होऊ शकत नाही. या पाण्याचं नातं माठापेक्षा शेताच्या पाटाशी जवळचं आहे. एका जागचं उचलायचं आणि दुसरीकडे नेऊन सोडायचं, एवढंच त्याचं काम.

ते काम पाणी फार उत्तम करतं. तेवढ्याच तापमानवाढीत एक लिटर पाणी जेवढी उष्णता पोटात घेतं, तेवढी घ्यायला सुमारे साडेतीन हजार लिटर हवा लागते. म्हणूनच बोटाएवढ्या नळीतून जे जातं, त्यासाठी एरवी पंख्यांचा घोंगाट लागतो.

वाट अशी असते. प्रोसेसरवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसतो, त्याला वॉटर ब्लॉक म्हणतात. त्याच्या पोटात अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद अशा खाचा कोरलेल्या असतात. पाणी त्या खाचांतून जाताना उष्णता उचलतं, नळीतून रेडिएटरकडे येतं, तिथल्या पातळ पात्यांना ती देतं आणि पंखे ती खोलीत ढकलतात. मग टाकी, पंप आणि पुन्हा तोच फेरा.

नवख्यांचा पहिला वाद असतो तो क्रमाचा. आधी प्रोसेसर की आधी ग्राफिक्स कार्ड? मध्ये रेडिएटर नसेल तर दुसऱ्याला तापलेलं पाणी मिळणार नाही का? जरा हिशेब करू. मिनिटाला 4 लिटर पाणी वाहत असेल तर सेकंदाला साधारण 67 ग्रॅम होतं. एक ग्रॅम पाणी एक अंशानं तापायला सुमारे 4.2 जूल लागतात. म्हणजे या प्रवाहाला एका अंशानं तापवायला 280 वॉट हवेत. दोन्ही यंत्रांनी मिळून 560 वॉट ओतले, तरी अख्ख्या फेरीत पाणी तापणार फक्त दोन अंश! वाद तिथेच मिटतो. नळी जिथून सोपी आणि देखणी जाईल तिथून न्यावी. एकच क्रम पाळायचा: टाकी पंपाच्या आधी आणि त्याच्या वर. या पंपांच्या बेअरिंगला वंगण पाण्याचंच असतं, त्यामुळे कोरडा चालला तर तो थोड्याच वेळात खराब होतो.

काकांनी विचारलेला आणखी एक प्रश्न इथेच उत्तर देण्यासारखा आहे. "एवढासा पंप, वर चढवेल का पाणी?" गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवताना पंपाला सगळ्या उंचीशी झुंजावं लागतं. बंद फेऱ्यात तसं नसतं. एका बाजूनं जेवढं पाणी वर चढतं, तेवढंच दुसऱ्या बाजूनं खाली उतरत असतं आणि दोन्ही वजनं एकमेकांना तोलतात. एकदा नळ्या भरल्या की पंपाला फक्त घर्षणाशी भांडायचं असतं.

रेडिएटर पुरेसा मोठा असेल, तर पाणी खोलीच्या हवेपेक्षा साधारण 10 अंशांनी वर स्थिरावतं. पुण्यात हिवाळ्यात खोली 25 अंशांवर असेल तर पाणी 35 वर राहील. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीच 38 अंशांवर असली तर ते 48 वर जाईल. त्यावर तोडगा म्हणून बर्फाचं किंवा चिलरचं पाणी फिरवण्याची कल्पना कुणालाही सुचते. मुंबईच्या दमट हवेत तसं केलं, तर थंड पेल्यावर येतात तसे दवाचे थेंब ब्लॉकवर आणि तिथून मदरबोर्डवर येतील. आणि एक गोष्ट विसरू नये. पाण्यानं उष्णता कमी होत नाही, फक्त तिची जागा बदलते. 500 वॉट पेटीतून निघाले की खोलीत येतात, आणि खोलीतून ते बाहेर काढायचं बिल एसीच्या नावावर चढतं.

पत्रा आणि कानस

रेडिएटर मोठा हवा म्हटला की जागेचा प्रश्न येतो आणि तिथून कॅबिनेटवर करवत चालवायला सुरुवात होते. मदरबोर्डाची मापं ठरलेली आहेत. इंटेलनं 1995 मध्ये आणलेल्या एटीएक्स प्रमाणाचा बोर्ड 305 बाय 244 मिलिमीटरचा असतो. तेवढा चौकोन आणि त्याचे स्क्रू सांभाळले, की बाकी पेटीचं काय करायचं ते तुमच्या हातात.

मापात फसगत होते ती अशी. तीन पंख्यांच्या रेडिएटरला '360' म्हणतात, कारण 120 मिलिमीटरचे तीन पंखे. पण दोन टोकांच्या टाक्या धरून त्याची खरी लांबी 390-400 पर्यंत जाते. नेहमीचा पातळ रेडिएटर साधारण 30 मिलिमीटर जाड आणि पंखा 25, म्हणजे छताखाली 55 मिलिमीटर मोकळे हवेत. तेवढ्यात रॅमचे उंच खांब आडवे येतात. म्हणून आधी पुठ्ठ्याचा रेडिएटर कापून पेटीत बसवून बघतात. पुठ्ठा चुकला तर दहा रुपये जातात, पत्रा चुकला तर पेटी जाते.

छताला एक पंखा बसवायचा म्हणजे काय, ते जवळून पाहू. आधी पत्र्याच्या दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावायची. तिच्यामुळे रंग ओरखडत नाही आणि पेन्सिलीची खूण स्पष्ट दिसते. 120 च्या पंख्याचे स्क्रू एकमेकांपासून बरोबर 105 मिलिमीटरवर असतात. त्या चार खुणांवर सेंटर पंचाचा एकेक ठोका, म्हणजे ड्रिल घसरत नाही. मधलं गोल भोक होल सॉनं किंवा जिगसॉनं. खालून लाकडाची फळी लावून क्लॅम्प आवळला नाही तर पातळ पत्रा थरथरतो आणि दात अडकून वाकतो. कापून झालं की कानस. कडेवरून बोट सहज फिरेपर्यंत घासायचं, आणि मग रबरी पट्टी बसवायची. हे सगळं करताना मदरबोर्ड पेटीत नसतो, हे वेगळं सांगायला नको. लोखंडाच्या किसाचा एक कण चुकीच्या जागी पडला तरी बोर्ड जातो.

ज्यांना करवतीची भीती वाटते त्यांच्यासाठी आपल्याकडे एक सोय आहे. भोसरी असो की कोल्हापूरची शिरोली, औद्योगिक वसाहतीत लेझर कटिंग आणि पावडर कोटिंग करणारे असतात. नीट काढलेलं चित्र फाइलमध्ये नेलं, तर अख्खी बाजू कापून, वाकवून आणि भट्टीतून रंगवून मिळते. अडचण असते ती एका नगाचं काम घ्यायला कुणाला तरी राजी करण्याची. मोठ्या लॉटच्या शेपटीला आपला पत्रा लावून घ्यायचा, तर दोन चकरा आणि चार चहा लागतात.

नळी वाकवताना

नळ्या दोन प्रकारच्या, मऊ आणि कडक. मऊ नळी कात्रीनं कापून खोचता येते. कडक नळी ॲक्रिलिकची किंवा पीईटीजी नावाच्या प्लास्टिकची असते, आणि ती वाकवणं हा या सगळ्या उद्योगातला सगळ्यांत देखणा आणि सगळ्यांत चिडवणारा भाग.

नळीत आधी सिलिकॉनची दोरी सारायची. तिच्यावर साबणाच्या पाण्याचा हात फिरवला की ती सरकते. ती आत नसेल तर वळणावर नळी चपटी होते. मग हीट गनच्या झोतात नळी गोल फिरवत राहायची, कणीस भाजताना फिरवतात तशी. पीईटीजी साधारण 80 अंशांना ढिलं पडायला लागतं, ॲक्रिलिकला त्याहून बरंच जास्त लागतं. घाई केली की आत बारीक बुडबुडे येतात आणि नळी दुधाळ होते. नळी स्वतःच्या वजनानं झुकली की साच्यावर हळूच वळवायची आणि गार होईपर्यंत श्वास रोखून धरायची. लांबी नंतर कापायची. आधी कापून मग वाकवली तर माप हमखास चुकतं. पहिल्या संध्याकाळी माझ्या पाच नळ्यांपैकी दोन कामाच्या निघाल्या.

कापलेलं टोक पॉलिश पेपरनं गोलसर करणं ही शोभेची गोष्ट नाही. धारदार टोक फिटिंगमध्ये शिरताना आतली रबरी ओ-रिंग कापतं आणि ती कापलेली रिंग बाहेरून दिसत नाही. दिसतं ते पाणी, महिनाभरानं.

कुठलं पाणी, कुठला धातू

नळाचं किंवा बोअरचं पाणी यात चालत नाही. त्यातले क्षार त्या अर्ध्या मिलिमीटरच्या खाचांत बसतात, जसे गिझरच्या कॉइलवर बसतात. डिस्टिल्ड पाणी घ्यावं आणि त्यात गंज रोखणारं व शेवाळ मारणारं द्रव्य प्रमाणात घालावं, किंवा याचसाठी बनवलेलं कूलंट वापरावं. दुधाळ, अपारदर्शक रंगांची कूलंटं फोटोत सुंदर दिसतात, पण त्यांतले रंगाचे कण कालांतरानं खाचांत साचतात.

डिस्टिल्ड पाणी वीज वाहत नाही, मग गळलं तर काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. बाटलीत असेपर्यंत ते खरं आहे. ब्लॉक, रेडिएटर आणि बोर्डावरची धूळ यांना भेटलं की त्यात आयन मिसळतात आणि ते वीज वाहू लागतं.

दुसरं पथ्य धातूंचं. तांब्याचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात ठेवले की ती एक छोटी बॅटरीच होते आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. स्वस्त संचांत ॲल्युमिनियम असतं आणि सुटे ब्लॉक बहुधा तांब्याचे. खोक्यावरचं बारीक अक्षर वाचूनच जोड्या लावाव्यात. तांबं, पितळ आणि निकेलचा मुलामा यांचं एकमेकांशी बरं जमतं.

टेफलॉनचा प्रश्न

आता काकांकडे परत येऊ. त्यांनी ओळखलेले आटे खरोखरच पाव इंची होते. जी-1/4 हे त्यांचं नाव, आणि ते आपल्या घरातल्या नळांच्या आट्यांच्याच ब्रिटिश कुळातले. गंमत म्हणजे पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर, पण या आट्यांचा बाहेरचा व्यास 13 मिलिमीटरच्या थोडा वर भरतो. कारण नाव मुळात नळीच्या आतल्या पोकळीवरून पडलं आहे.

घरच्या नळात पाणी अडतं ते आट्यांतच. म्हणून तिथे टेप गुंडाळून फटी बुजवतात आणि पान्यानं आवळतात. संगणकातल्या फिटिंगमध्ये आटे फक्त धरून ठेवायचं काम करतात. पाणी अडवते ती मुळाशी असलेली ओ-रिंग, सपाट पृष्ठभागावर दाबली जाऊन. तिथे टेप लावली तर फिटिंग पुरतं खाली बसत नाही, रिंग दाबली जात नाही आणि टेपचे धागे सुटून पंपात जातात. पान्यानं आवळलं तर ॲक्रिलिकची टाकी तडकते. हातानं घट्ट, एवढंच पुरे. काकांच्या कामात टेप आवश्यक, माझ्या कामात घातक.

पण त्यांच्या धंद्यातली एक सवय इथे जशीच्या तशी लागू पडते. प्लास्टर करण्याआधी पाइपात दाब ठेवून रात्रभर बघायचं. इथेही तसंच करतात. छोट्या हातपंपानं नळ्यांत सुमारे अर्धा बार हवेचा दाब भरायचा आणि काटा हलतो का ते बघायचं. मग पाणी. त्या वेळी मदरबोर्डाला आणि कार्डाला वीज द्यायचीच नाही, एसएमपीएसवरून फक्त पंप चालवायचा. त्यासाठी 24 पिनांच्या जोडणीतली 16 क्रमांकाची पिन ग्राउंडच्या पिनेशी जोडणारा छोटा प्लग मिळतो. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवायचा, कारण डोळ्याला न दिसणारा थेंब कागदावर दिसतो. पंप काही सेकंद चालवायचा, थांबवायचा, टाकी भरायची, पुन्हा चालवायचा. पेटी डावी-उजवी कलती करून बुडबुडे टाकीकडे आणायचे. सुरुवातीला आवाज येतो तो हुक्क्यासारखा, तो हळूहळू विरतो. मी चोवीस तास कागद बघत बसलो होतो. एका सांध्याखालचा कागद पहाटे ओला सापडला. नळी काढून पाहिली, तर टोक घासायचं राहिलं होतं.

करावं का?

खरं सांगायचं तर बहुतेकांना याची गरज नाही. एक चांगला मोठा एअर कूलर साध्या प्रोसेसरला पुरून उरतो, आणि कारखान्यातच पाणी भरून सीलबंद केलेले तयार कूलर दहा मिनिटांत बसतात. घडवलेल्या नळ्यांचा खर्च सहज एका साध्या पीसीएवढा होतो. कार्डावरचा मूळ कूलर काढल्यानं वॉरंटी जाऊ शकते. वर्षातून एकदा पाणी बदलून ब्लॉक तपासावा लागतो.

फायदा होतो तो तासन्‌तास जड काम करणाऱ्यांना. ॲनिमेशन, व्हिडिओ, घरच्या घरी चालवलेली एआय मॉडेल्स. ग्राफिक्स कार्ड पाण्यावर घेतलं की तापमान उतरतंच, पण त्याहून जाणवते ती शांतता. लिटरभर पाणी तापायलाही वेळ घेतं आणि निवायलाही, त्यामुळे पंखे क्षणोक्षणी किंचाळत नाहीत, संथ फिरतात. पण करणारे बहुतेक जण हे काही शांततेसाठी करत नाहीत. विकत आणलेल्या यंत्रात निदान एक पेटी आपल्या हातची असावी, यासाठी करतात. ते कारण मला पुरेसं वाटतं.

पहिल्यांदाच करत असाल तर मऊ नळी घ्या, पाण्यात रंग टाकू नका आणि सगळ्यांत खालच्या जागी पाणी काढायची तोटी न विसरता बसवा. वर्षभरानं तिची किंमत कळेल. टेफलॉन घरच्या नळासाठी ठेवा. आणि पंपाचं बटण दाबण्याआधी टाकीत पाणी आहे ना, ते पुन्हा एकदा बघा.